‘श्वार्त्सवाल्डमेडेल’ : एका लोकप्रिय ऑपेरेट्टाचे चित्रपटीय रूपांतर आणि युद्धोत्तर जर्मनी

प्रस्तावना

सप्टेंबर १९५० मध्ये पश्चिम जर्मनीत ‘श्वार्त्सवाल्डमेडेल’, म्हणजे ‘ब्लॅक फॉरेस्टची मुलगी’, हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते हान्स डेप्पे आणि प्रमुख भूमिकांत सोन्या झिमान व रुडॉल्फ प्राक होते. नव्याने स्थापन झालेल्या पश्चिम जर्मन राज्याचे वय तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचे होते व त्याची लोकसंख्या सुमारे पाच कोटी होती. त्या देशात या चित्रपटाला सुमारे एक कोटी साठ लाख प्रेक्षक लाभले, असे सांगितले जाते. युद्धानंतरचा पहिला पश्चिम जर्मन रंगीत कथापट म्हणून त्याची नोंद केली जाते. पुढील दहा वर्षे जर्मन पडद्यावर ज्या ‘हायमाट’पटांचे राज्य चालले, त्यांच्या लाटेचा आरंभही येथूनच मानण्याची प्रथा आहे.

चित्रपटाची कथा व संगीत मात्र नवे नव्हते. याच नावाची ऑपेरेट्टा १९१७ मध्ये बर्लिनमध्ये रंगमंचावर आली होती. ऑपेरेट्टा म्हणजे गद्य संवाद, गाणी आणि नृत्य यांनी युक्त असे हलकेफुलके संगीतनाट्य. मराठी वाचकाला संगीत नाटकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु ऑपेरेट्टाचे संगीत एकाच संगीतकाराने सलग बांधलेले असते आणि त्याचा कणा वॉल्ट्झ, पोल्का, कूच यांसारख्या युरोपीय नृत्य-तालांचा असतो, हा भेद लक्षात ठेवावा लागतो. प्रस्तुत लेखात मूळ कृती आणि १९५० चा चित्रपट यांत नेमके काय बदलले, याचा विचार केला आहे. रूपांतरात काय वगळले जाते, हा प्रश्न बहुधा तंत्राचा वा कालमर्यादेचा समजला जातो. येथे तो तेवढ्यावर थांबत नाही, कारण मूळ कृतीच्या संगीतकाराचा अंत गेस्टापोच्या छळामुळे झाला होता.

मूळ कृती : १९१७

लेओन येसेल यांचा जन्म २२ जानेवारी १८७१ रोजी श्टेट्टीन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १८९४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अनेक लहानमोठ्या शहरांच्या नाट्यगृहांत वाद्यवृंदाचे संचालन केल्यानंतर १९११ मध्ये ते बर्लिनमध्ये स्थायिक झाले. कथिलाच्या सैनिकांच्या संचलनावर त्यांनी रचलेला छोटा वाद्यसंगीताचा तुकडा पुढे जगभर वाजला. अमेरिकेतील रंगमंचावर आणि व्यंगपटांतही त्याने आपले स्थान मिळवले. ती धून अनेकांना ठाऊक असते, रचनाकाराचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

‘श्वार्त्सवाल्डमेडेल’चा पहिला प्रयोग २५ ऑगस्ट १९१७ रोजी बर्लिनच्या कोमिशे ओपर या नाट्यगृहात झाला. संहिता आउगुस्ट नाइडहार्ट यांची होती. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धाचे चौथे वर्ष सुरू झाले होते. त्याआधीचा हिवाळा जर्मन इतिहासात ‘सलगमांचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. बटाट्याचे पीक बुडाल्याने शहरांतील लोकांना जनावरांसाठी पिकवले जाणारे सलगम खाऊन दिवस काढावे लागले होते. अशा शहरात, दक्षिणेकडील हिरव्या डोंगरातील एका सुखवस्तू खेड्याची कथा सुमारे नऊशे प्रयोग चालली. भुकेल्या नगरीने रंगमंचावर भरलेले ताट पाहावे, तसा हा प्रकार होता.

कथानक साधे आहे. सांक्त क्रिस्टोफ या गावात ब्लाझियुस रोमर हे वृद्ध कॅथेड्रल-संगीतप्रमुख राहतात. त्यांच्या घरी बेअर्बेले नावाची गरीब मुलगी कामाला आहे. सेंट सिसिलिया ही संगीताची संरक्षक संत मानली जाते. तिच्या उत्सवाच्या तोंडावर हान्स व रिचर्ड हे दोन बर्लिनकर तरुण भटके वादक असल्याची बतावणी करीत गावात येतात. हान्सला खरे तर माल्विने या शहरी स्त्रीपासून सुटका हवी आहे. ती त्याच्या मागोमाग येतेच. रोमर यांना उतारवयात बेअर्बेलेविषयी प्रेम वाटू लागते, तिचे मन मात्र हान्सवर जडते आणि अखेरीस वृद्ध संगीतकार मुकाट्याने बाजूला होतो.

या गोड कथेत एक काटा आहे. बेअर्बेले गावात नकोशी आहे. तिच्या नात्यातली म्हातारी ट्राउडेल चेटकीण असल्याचा गावाचा समज आहे आणि त्या समजाची सावली मुलीवर पडलेली आहे. उत्सवाच्या नृत्यात गावातला कोणीही तरुण तिच्याबरोबर नाचायला पुढे येत नाही. तिचा हात धरतो तो परका बर्लिनकर हान्स. आणि त्यावरून हाणामारी जुंपते. उत्सवी नृत्याच्या गजरात संपूर्ण गाव एका मुलीला वाळीत टाकते, हे दृश्य नाइडहार्ट आणि येसेल यांनी कृतीच्या ऐन मध्यभागी ठेवले आहे. म्हणजे या ऑपेरेट्टातील खेडे सुंदर आहे, पण निरागस नाही. त्याशिवाय श्मुसहाइम नावाचे एक बर्लिनकर विनोदी पात्र तिच्यात आहे. त्याच्या नावातच गप्पा छाटण्याच्या अर्थाचा, यिद्दिश वळणाचा शब्द दडलेला आहे. बर्लिनच्या प्रेक्षकाला ते पात्र कोठून आले हे सांगावे लागत नसे. ज्यू विनोदी पात्राचे हे चित्रण आजच्या वाचकाला अवघडल्यासारखे वाटेल. तरीही त्या काळच्या शहरी रंगभूमीत ज्यू पात्र, ज्यू नट आणि ज्यू प्रेक्षक यांचे सहज अस्तित्व होते, याची ती खूण आहे.

संगीतकाराचे भागधेय

मूकपटांच्या काळातच या कृतीवर १९२० आणि १९२९ मध्ये चित्रपट निघाले. गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कृतीचा मूकपट काढण्यात आज विसंगती वाटेल. परंतु तेव्हा चित्रपटगृहात वाद्यवृंद असे आणि प्रेक्षकांना सुरावटी पाठ असत. पहिला बोलपट १९३३ मध्ये गेओर्ग झोख यांनी दिग्दर्शित केला. म्हणजे ज्या वर्षी येसेल यांच्या कृतींचे प्रयोग जर्मन रंगभूमीवरून हद्दपार होऊ लागले, त्याच वर्षी त्यांची सर्वांत लोकप्रिय कृती पडद्यावर आली. नव्या राजवटीला गाणी हवी होती, गाणी रचणारा नको होता.

येसेल यांच्या बाबतीतली कटुता आणखी एका कारणाने गडद होते. त्यांचा राजकीय कल राष्ट्रवादी होता. त्यांची पत्नी १९३२ मध्ये नाझी पक्षाची सदस्य झाली होती. ‘जर्मन संस्कृतीसाठी लढाऊ संघ’ या नाझीधार्जिण्या संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी अर्जही केला होता. तो फेटाळला गेला. जर्मन खेड्याचे इतके लाडके चित्र ज्याने रंगवले, त्याला जर्मन मानण्यास राजवट तयार नव्हती. त्यांची शेवटची ऑपेरेट्टा १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील ओल्टेन येथे सादर झाली. १९३७ मध्ये राइश संगीत मंडळातून त्यांचे नाव काढण्यात आले आणि व्यवसायाचा उरलासुरला मार्गही बंद झाला.

१९३९ मध्ये त्यांनी व्हिएन्नातील एका संहितालेखक सहकाऱ्याला पत्र लिहिले. ज्यूद्वेषाने आपल्या लोकांचा विनाश मांडला असताना आपल्या हातून काम होत नाही, असा त्याचा आशय होता. हे पत्र पुढे घरझडतीत पोलिसांच्या हाती लागले. १५ डिसेंबर १९४१ रोजी गेस्टापोने येसेल यांना अटक केली. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. कोठडीत त्यांचा अमानुष छळ झाला आणि ४ जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या ज्यू रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर साडेआठ वर्षांनी त्यांची बेअर्बेले रंगीत होऊन पडद्यावर अवतरली.

१९५० चे रूपांतर

डेप्पे यांच्या चित्रपटातली बेअर्बेले खेड्यातली मोलकरीण राहिलेली नाही. ती एका जवाहिऱ्याकडे नोकरी करणारी, नीटनेटकी शहरी तरुणी आहे. हान्स येथे चित्रकार आहे. दोघांची भेट होते ती वेषांतराच्या नृत्यसमारंभात, आणि तिने त्या रात्रीपुरता वेष घेतलेला असतो तो ब्लॅक फॉरेस्टच्या मुलीचा. शिवाय सोडतीत तिला मोटार बक्षीस मिळते. माल्विने ही आता रेव्ह्यूची तारका आहे. त्यानंतर कथा डोंगरातील गावाकडे वळते.

हा बदल वरवर पाहता केवळ आधुनिकीकरण वाटतो. प्रत्यक्षात त्याने कृतीचा तोलच पालटला आहे. ऑपेरेट्टात परके म्हणून येतात ते बर्लिनकर. बेअर्बेले गावचीच, पण गावाने दूर लोटलेली. चित्रपटात बेअर्बेले स्वतःच शहरातून गावात येते. तिच्या अंगावरचा पारंपरिक वेष आधी समारंभातले सोंग असतो आणि गावात आल्यावर तो ‘खरा’ ठरतो. सोंगाचे सत्य होणे, हा या रूपांतराचा गाभा आहे. चेटकिणीचा काटाही त्याने बोथट केला. ट्राउडेलची भूमिका लुसी एंग्लिश या हसतमुख विनोदी अभिनेत्रीकडे गेली. जिच्या नावाने गाव बोटे मोडत होते, ती म्हातारी आता प्रेक्षकांना हसवणारी गृहिणी झाली. उत्सव राहिला, हाणामारीही राहिली, पण गावाने एका मुलीला वाळीत टाकल्याचा भार तिच्यावरून उतरला. श्मुसहाइम हे नाव तर पात्रांच्या यादीतूनच नाहीसे झाले. त्याच्या जागी आहे तो बुसमान नावाचा निरुपद्रवी जवाहिऱ्या.

हे सारे हेतुपुरस्सर केले गेले, असे म्हणणे धाडसाचे होईल. १९५० मध्ये ज्यू विनोदी पात्र पडद्यावर आणणे कोणाही सभ्य निर्मात्याला अशक्य होते, हे मान्य करावे लागेल. पण त्या अशक्यतेचे कारण सांगण्याचीही गरज कोणाला भासली नाही. पटकथेने श्मुसहाइमला वगळले आणि चेटकिणीला हसरे केले. परिणामी समूहाने एकट्याला बाहेर काढण्याचा जो विषय ऑपेरेट्टात होता, तो ज्या पिढीला सर्वांत अधिक लागू पडत होता तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

चित्रपटाच्या चमूकडे पाहिले तर त्या काळच्या जर्मन चित्रसृष्टीचा उभा छेद दिसतो. डेप्पे हे १९३४ पासून ग्रामीण व प्रादेशिक कथांवर चित्रपट करीत आले होते. ‘श्लोस हुबर्टुस’ हा त्यांचा त्या वर्षीचा चित्रपट लुडविग गांगहोफर यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. राजवट बदलली तरी त्यांच्या कॅमेऱ्यासमोरचे डोंगर तेच राहिले. दुसरीकडे, रोमर यांची भूमिका करणारे पाउल ह्योरबिगर यांना १९४५ च्या आरंभी नाझींनी प्रतिकार चळवळीशी असलेल्या संबंधांवरून तुरुंगात टाकले होते. दोघे एका संचावर काम करीत होते आणि चित्रपटात याचा मागमूसही नाही. प्रेमावर पाणी सोडणारा वृद्ध संगीतकार ह्योरबिगर यांनी संयमाने उभा केला आहे. चित्रपटातला सर्वांत खरा भाग तोच, असे म्हणण्यास हरकत नाही. झिमान व प्राक यांची जोडी मात्र अभिनयापेक्षा टवटवीतपणावर गाजली. पुढच्याच वर्षी ‘ग्र्यून इस्ट डी हायडे’ या चित्रपटात डेप्पे यांनी तीच जोडी पुन्हा आणली.

टोपी आणि अरण्य

या चित्रपटाच्या जाहिरातफलकावर झिमान यांच्या डोक्यावर लाल लोकरी गोंड्यांची भली मोठी टोपी दिसते. तिला बोलेनहूट म्हणतात. गवती टोपीवर चौदा गोंडे बसवलेले असतात. अविवाहित मुलीचे गोंडे लाल आणि विवाहितेचे काळे. आज ही टोपी संपूर्ण ब्लॅक फॉरेस्टचे बोधचिन्ह समजली जाते. प्रत्यक्षात ती गुटाख, किर्नबाख आणि रायखेनबाख या तीनच शेजारगावांची, तीही प्रॉटेस्टंट गावांची, परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुटाखमध्ये वसलेल्या विल्हेल्म हासेमान यांच्यासारख्या चित्रकारांनी ती कॅनव्हासवर आणली आणि तेथून ती बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. चित्रपटाने तिला घराघरांत पोहोचवले. कॅथलिक कॅथेड्रलच्या संगीतप्रमुखाभोवती फिरणाऱ्या कथेत प्रॉटेस्टंट खोऱ्यातली टोपी कशी आली, असा प्रश्न कोणी विचारला नाही. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही घोडचूक आहे. पर्यटन व्यवसायाच्या दृष्टीने सुवर्णसंधी ठरली. चित्रपटातला नायक चित्रकार असणे मात्र येथे नकळत नेमके जुळून आले आहे.

टोपीपेक्षा मोठी किमया अरण्याच्या बाबतीत घडली. पडद्यावरचे अरण्य दाट, अखंड आणि गर्द हिरवे आहे. १९५० मध्ये प्रत्यक्ष ब्लॅक फॉरेस्टची स्थिती वेगळी होती. हा प्रदेश फ्रेंच ताब्यातील क्षेत्रात मोडत होता आणि फ्रेंच लष्करी प्रशासनाचे मुख्य ठाणे बाडेन-बाडेन येथे होते. युद्धभरपाईच्या रूपाने येथील लाकडाची प्रचंड प्रमाणात तोड झाली. स्थानिक लोक तिला ‘फ्रेंच तोड’ म्हणत. त्यात युद्धकाळातील तोडीची भर होती. कितीतरी उतार बोडके झाले होते आणि रोपे लावण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करीत होत्या. १९४९ पासून निघालेल्या पन्नास फेनिगच्या नाण्यावर गुडघे टेकून ओकचे रोप लावणारी स्त्री आहे, ती याच वनीकरणाच्या कष्टांची आठवण म्हणून. चित्रपटगृहाच्या खिडकीवर तिकिटासाठी तेच नाणे पुढे करणाऱ्या प्रेक्षकाला आत मात्र न तुटलेले अरण्य दाखवले जात होते.

अरण्याच्या दोन्ही टोकांची शहरेही उद्ध्वस्त झाली होती. २७ नोव्हेंबर १९४४ रोजी फ्रायबुर्गवर हवाई हल्ला झाला आणि सुमारे २८०० माणसे मेली. उत्तर टोकाच्या फोर्झहाइमवर २३ फेब्रुवारी १९४५ रोजी झालेल्या हल्ल्यात सुमारे १७ हजार माणसे मृत्युमुखी पडली. फोर्झहाइम हे जर्मनीतील सुवर्णकारांचे व दागिन्यांचे शहर. चित्रपटातील बुसमान हाही जवाहिऱ्याच. हा निव्वळ योगायोग असेल. परंतु त्या जवाहिऱ्याच्या चकचकीत जगात कोठेही ढिगारा दिसत नाही, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. त्याआधीची चार वर्षे जर्मन पडद्यावर ढिगारेच दिसत होते. वोल्फगांग श्टाउटे यांच्या १९४६ मधील ‘डी म्योर्डर झिंट उंटर उन्स’पासून सुरू झालेल्या ‘ढिगारापटां’नी अपराधाचा प्रश्न विचारला होता. घराबाहेर पडताच दिसणारे ढिगारे तिकीट काढून पुन्हा पाहण्याची इच्छा लोकांना उरली नव्हती.

‘हायमाट’ या शब्दाविषयी

हायमाट या जर्मन शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द नाही. जन्मभूमी म्हणावे तर त्यातला राष्ट्राचा अर्थ जड होतो. गाव म्हणावे तर आपलेपणाची ऊब कमी पडते. माहेर हा शब्द भावनेने जवळ जातो, कारण जे सोडावे लागले आणि ज्याची ओढ संपत नाही ते माहेर; पण तो स्त्रीच्याच अनुभवाशी बांधलेला आहे. १९५० च्या पश्चिम जर्मनीत या ओढीला अगदी ठोस कारण होते. पूर्वेकडील प्रदेशांतून हाकलले गेलेले वा पळून आलेले सुमारे ऐंशी लाख लोक त्या वेळी तेथे राहत होते. पोमेरेनिया, सायलेशिया, पूर्व प्रशिया ही त्यांची गावे परत मिळणार नव्हती. ‘ग्र्यून इस्ट डी हायडे’मध्ये तर पोमेरेनियाहून आलेला एक निर्वासित जमीनदारच मध्यवर्ती पात्र आहे. ‘श्वार्त्सवाल्डमेडेल’मध्ये निर्वासितांचा उल्लेख येत नाही, तरी शहरातून येऊन गावात सामावून जाणारी बेअर्बेले त्यांना आपली वाटली असणे शक्य आहे.

येसेल यांचे जन्मगाव श्टेट्टीन हे पोमेरेनियाचे मुख्य शहर होते. १९४५ नंतर ते पोलंडमध्ये गेले आणि श्चेचिन या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या शहरातून आलेल्या हजारो निर्वासितांनी हा चित्रपट पाहिला असेल. गमावलेल्या भूमीसाठी त्यांनी ज्या सुरांवर डोळे पुसले, ते सूर त्यांच्याच गावच्या माणसाचे होते. त्या माणसाची हायमाट मात्र त्यांच्या कितीतरी आधी, आणि त्यांच्याच राज्यकर्त्यांकडून, हिरावली गेली होती.

मूल्यमापनाचा प्रश्न

२८ फेब्रुवारी १९६२ रोजी ओबरहाउझेन येथे तरुण दिग्दर्शकांनी जुन्या जर्मन चित्रपटाविरुद्ध जाहीरनामा काढला, तेव्हा त्यांच्या रोषाचा मोठा भाग हायमाटपटांवर होता. पुढील काही दशके अशा चित्रपटांवर गंभीरपणे लिहिणे हेच अभ्यासकांना कमीपणाचे वाटे. अलीकडे दृष्टी बदलली आहे. योहानेस फॉन मोल्टके यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात हे चित्रपट आधुनिकतेपासून पळ काढत नसून पर्यटन, मोटार आणि स्थलांतर यांच्याशी तडजोड घडवून आणतात, अशी मांडणी केली. सोडतीत मिळालेली मोटार आणि समारंभातला पारंपरिक वेष यांना बेअर्बेलेने एकत्र आणलेले पाहता ही मांडणी पटण्यासारखी आहे. पण ती अर्धीच पुरते. मोटारीला या गावात जागा मिळाली, हे ती सांगते. श्मुसहाइमला का मिळाली नाही, हे तिच्या कक्षेत येत नाही. विस्मृती ही काही केवळ पटकथेची उणीव नाही, ती या चित्रपटाच्या आकर्षणाचा भाग आहे, हे धरूनच त्याचे वाचन व्हावयास हवे.

एक गोष्ट चित्रपटाच्या बाजूने नोंदवावी लागते. येसेल यांच्या सुरावटी बारा वर्षे जर्मन रंगभूमीवरून हद्दपार होत्या. त्या पुन्हा सर्वांच्या ओठांवर आणल्या त्या या रूपांतराने, कोणत्याही नाट्यगृहाने नव्हे. संगीताची पुनर्रचना झाली, गाणी कमी झाली, तरी चाल ऐकताक्षणी ओळखू यावी इतपत ती शाबूत राहिली. जनसामान्यांना संगीतकाराचे नाव सांगण्याची तसदी मात्र पुढे बराच काळ कोणी घेतली नाही.

बर्लिनच्या विल्मर्सडोर्फ भागातील एका छोट्या चौकाला लेओन येसेल यांचे नाव १९८६ मध्ये देण्यात आले. त्या वेळी चित्रपटाला छत्तीस वर्षे आणि संगीतकाराच्या मृत्यूला चव्वेचाळीस वर्षे झाली होती.